रूसोच्या कानांतील चार आवाज

इ. स. १७३६ च्या सुमाराची गोष्ट आहे. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं साव्हॉय नांवाचा प्रांत आहे. तो त्या काळीं फ्रान्सचा नसून सार्डिनियाच्या राजाच्या अमलाखालीं होता. त्यांतील शांबेरी गांवाबाहेर, एका टेकडीच्या कुशींत, द्राक्षमळा, फळबाग, कबुतरें व मधमाश्यांच्या पेट्या असलेलें ‘ले शार्मेत’ या नांवाचें एक लहानसें घर होतें. या घरीं राहणारा चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण एके दिवशीं सकाळीं एक छोटें टेबल त्याच्या पायावर नीट बसवीत होता. त्याची प्रकृति त्या दिवशीं नेहमींपेक्षां कांहीं अधिक बिघडलेली नव्हती. इतक्यांत त्याच्या सर्वांगांत एकाएकीं कल्लोळ उठला. रक्तांत वादळ व्हावें आणि तें एका क्षणांत हातापायांच्या टोंकांपर्यंत पोंचावें, तसें त्यास झालें. धमन्या जोरानें उडूं लागल्या, आणि त्याबरोबरच कानांत आवाज सुरू झाला. हा आवाज एक नव्हता. ते तीन, किंवा नीट मोजले तर चार होते: एक खोल, दबका, घुमणारा, दुसरा त्याहून स्वच्छ, वाहत्या पाण्यासारखा, तिसरी टोंचणारी तीक्ष्ण शीळ, आणि चौथा धमनीचा ठोका, जो नाडीस बोट न लावतां मोजतां येत असे.

हा तरुण म्हणजे झां झाक रूसो. ‘सामाजिक करार’ व ‘एमिल’ या १७६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांचा कर्ता म्हणून आमच्या वाचकांस तो परिचित आहेच. परंतु ज्या सकाळची ही हकीकत आहे त्या सकाळीं त्याच्या नांवावर एकही ग्रंथ नव्हता. जिनेव्हांतील एका घड्याळजीचा हा मुलगा. जन्म १७१२ चा. आई जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारलेली. नियमित शाळा त्यास कधीं लाभली नाहीं. सोळाव्या वर्षीं तो कोरीव काम शिकविणाऱ्या मालकाच्या जाचास कंटाळून गांव सोडून पळाला, आणि बरेच दिवस भटकून शेवटीं मादाम द वारेन्स या बाईच्या आश्रयास येऊन राहिला. तिला तो आई म्हणून हांक मारीत असे. मात्र तें नातें आईचें कीं आणखी कसलें, हें त्याचें त्यालाच धड उमगलें नव्हतें. आपलें शिक्षण झालें नाहीं, तें आतां पुरें करावें, अशी उमेद त्याच्या मनांत नुकतीच जागी झाली होती. म्हणजे ज्या वयांत आमच्याकडील मुलें विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतात, त्या वयांत हा विद्यार्थी झाला, आणि विद्यार्थी होतो न होतो तोंच कानांतील हा चौघडा वाजूं लागला.

हें वर्णन त्यानें आपल्या ‘कन्फेशन्स’ नामक आत्मचरित्राच्या सहाव्या भागांत केलें आहे. १७६६ सालीं इंग्लंडांत असतां त्यानें तें पुस्तक नेटानें लिहावयास घेतलें. छापून निघालें तें त्याच्या मृत्यूनंतर, १७८२ सालीं. त्यांत तो सांगतो कीं, त्या दिवसापासून तीस वर्षें या आवाजांनीं एक मिनिटभरही आपली पाठ सोडलेली नाहीं. कान अगदींच बहिरे झाले नाहींत, पण पूर्वीची तीक्ष्ण श्रवणशक्ति गेली ती गेलीच. झोंपही उडाली, एरव्हीं तो मोठा झोंपाळू होता.

या प्रसंगाकडे आमचें लक्ष वेधण्यास एक खाजगी कारण आहे, तें येथें सांगून टाकलेलें बरें. आमच्याही कानांत आवाज आहे. तो केव्हां सुरू झाला हें आम्हांस सांगतां येत नाहीं. लहानपणापासून तो असावा. आणि सर्वांच्याच कानांत असा आवाज असतो, शांतता म्हणतात ती हीच, अशी आमची समजूत होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षीं पुण्यास एका वाड्यांतील खोलींत आम्ही राहूं लागलों. परीक्षेच्या दिवसांत रात्रीं बारानंतर सारी पेठ निजली म्हणजे हा आवाज फार स्पष्ट होई. एके रात्रीं आम्हीं खोलीवरच्या सोबत्यास उठवून विचारलें, “कुठं नळ चालू राहिलाय का रे?” त्यानें क्षणभर कान दिला, “काही नाही, झोप तू,” असें म्हटलें आणि कूस बदलली. जें सर्वांस ऐकूं येतें असें आजवर आम्ही समजत होतों, तें फक्त आम्हांसच ऐकूं येतें, हें त्या रात्रीं कळलें. त्या आधीं अठरा वर्षें ज्या आवाजानें आमचें कांहीं बिघडविलें नव्हतें, त्याच आवाजानें दुसऱ्या दिवसापासून आम्हांस पुस्तकाचें एक पान धड वाचूं दिलें नाहीं. एका डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं कानांत दिवा धरून पाहिलें, कान स्वच्छ असल्याचें सांगितलें आणि जागरणें कमी करण्याचा सल्ला दिला. पुढें ग्रंथालयांत रूसोच्या आत्मचरित्राचें इंग्रजी भाषांतर सहज हातीं आलें. चार आवाजांचें तें वर्णन वाचून प्रथम सोबती भेटल्याचा आनंद झाला. आणि लगेच पुढील वाक्यांतील तीस वर्षांचा हिशेब वाचून पोटांत गोळा उठला.

कानांतील आवाज हा कांहीं रूसोच्या काळचा नवा रोग नव्हे. निनेव्हे येथें असुरबानिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहांत ख्रिस्तपूर्व सातव्या शतकांतील ज्या मातीच्या पाट्या सांपडल्या, त्यांत कान गाऊं लागलेल्या रोग्यासाठीं मंत्र आणि औषधें दिलेलीं आहेत. प्रेतात्म्याचा हात लागला म्हणजे असें होतें, असा तेथील वैद्यांचा समज होता. मार्टिन लूथरनें १५३० सालीं कोबुर्गच्या किल्ल्यांत असतां आपल्या डोक्यांतील गडगडाटाचें खापर सैतानावर फोडलें. आमच्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत विसाव्या अध्यायीं कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले असून त्यांत कर्णनाद व कर्णक्ष्वेड हे दोन वेगळे धरले आहेत. शब्द वाहून नेणाऱ्या शिरांत वायु वाट चुकून शिरला म्हणजे भेरी, मृदंग, शंख यांसारखे नाना ध्वनि ऐकूं येतात, तो कर्णनाद. आणि क्ष्वेडांतील ध्वनि वेणूसारखा असतो. वायूची कल्पना आज कोणी धरून बसणार नाहीं. परंतु भूत नाहीं, सैतान नाहीं, आवाज वाहून नेणाऱ्या वाटेंतच कांहीं बिघाड झाला आहे, असें म्हणणारा हा वैद्य योग्य दिशेनें पाहत होता, एवढें तरी कबूल करावें लागेल.

येथें एक गंमत नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. ‘हठयोगप्रदीपिके’च्या चौथ्या उपदेशांत नादानुसंधान सांगितलें आहे. साधकास आरंभीं समुद्र, मेघ, भेरी यांसारखे नाद ऐकूं येतात, मग शंख व घंटा यांसारखे, आणि शेवटीं किंकिणी, वेणु, वीणा व भ्रमर यांसारखे अतिसूक्ष्म. वैद्याच्या पोथींत जीं वाद्यें रोगाचीं लक्षणें म्हणून येतात, त्यांतीलच कांहीं योग्याच्या पोथींत प्रगतीच्या पायऱ्या म्हणून येतात. दोन्ही नाद एकच, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. एक न बोलावतां येतो व दुसऱ्यासाठीं आसन घालून बसावें लागतें. तथापि तेच सूर एकास भय देतात आणि दुसऱ्यास धीर, ही गोष्ट रूसोची पुढील हकीकत वाचतांना आमच्या मनांत वारंवार येते.

त्या सकाळीं शांबेरीहून वैद्य आला. रूसोनें कांपत कांपत आपली व्यथा सांगितली. ती असाध्य आहे याविषयीं त्याची खात्री झालेली होती, आणि वैद्याचेंही मत तसेंच असावें असें तो म्हणतो. तरी वैद्यानें आपला धंदा केला. लांबलचक उपपत्ति सांगितली, जींतील एक अक्षर रोग्यास समजलें नाहीं. आणि त्या उपपत्तीस अनुसरून असा कांहीं उपचार सुरू केला कीं, तो जितका किळसवाणा तितकाच निरुपयोगी होता. कांहीं आठवडे गेले. प्रकृति सुधारली नाहीं, बिघडलीही नाहीं. तेव्हां रूसोनें एके दिवशीं अंथरूण सोडलें, आणि धमनीचा ठोका व कानांतील गुंजारव बरोबर घेऊनच पूर्वीच्या कामास लागला.

त्यानें हें धैर्यानें केलें असें मात्र कोणीं समजूं नये. त्यानें तें निराशेनें केलें. आपण आतां थोड्याच दिवसांचे सोबती, अशी त्याची खात्री झाली होती, आणि या खात्रीनेंच त्यास स्वस्थता दिली. बरें होण्याची आशा सुटली, तसा बरें होण्याचा खटाटोपही सुटला. उरलेल्या दिवसांचा उपयोग काय करावा, हा एकच प्रश्न राहिला; त्याचें उत्तर त्यानें दिलें, अभ्यास. मरणाच्या दारीं बसलेल्या माणसानें भूमितीचें पुस्तक उघडावें यांत विसंगति आहे, ती त्याच्याही ध्यानांत आली होती. परंतु परलोकीं जातांना बरोबर कांहीं विद्या न्यावयाचीच असल्यासारखा तो वाचीत सुटला.

या अभ्यासाचें त्यानें दिलेलें वर्णन आम्हांस फार आवडतें. सूर्योदयापूर्वीं उठावें, बागेंतून वर चढून द्राक्षमळ्यांमागील वाटेनें फिरावें, चालतां चालतांच प्रार्थना करावी. घरीं येऊन दूध-कॉफी घ्यावी आणि मग दुपारच्या जेवणापर्यंत पुस्तकें. प्रथम तत्त्वज्ञान: पोर्ट-रॉयलचें तर्कशास्त्र, लॉकचा निबंध, मालब्रांश, लायब्निट्स, देकार्त. हे सर्व ग्रंथकार एकमेकांचें खंडन करतात, हें पाहून त्यानें आधीं त्यांचा समेट घडवून आणण्याचा उद्योग आरंभिला, व डोकें फिरण्याची वेळ आली तेव्हां तो सोडला. मग त्यानें ठरविलें कीं, कोणाशींही वाद न घालतां ज्याचा तो विचार नीट समजून घ्यावयाचा व साठवून ठेवावयाचा. खरेंखोटें पुढें पाहूं. त्यानंतर भूमिति, त्यानंतर लॅटिन. आणि दुपारीं जेवणानंतर इतिहास व भूगोल, म्हणजे डोक्यास ताण न देणारे विषय.

परंतु कानांत चार आवाज चालू असतां मन एका जागीं ठरत नसे. एकाच ग्रंथकारामागें नेटानें कांहीं पानें गेलीं कीं चित्त उडे, आणि पुढचें सगळें धुक्यांत जाई. प्रथम तो हट्टानें तेंच पुस्तक रेटीत बसे, आणि शेवटीं डोळ्यांपुढें अंधारी येई. मग त्यास एक युक्ति सांपडली. एका विषयानें शीण आला म्हणजे विसांवा न घेतां दुसरा विषय घ्यावा. दुसरा पहिल्याचा शीण घालवितो, व तिसरा दुसऱ्याचा. या रीतीनें तो दिवसभर वाचीत राही. ही रीति आम्हीं स्वतः परीक्षेच्या दिवसांत करून पाहिली आहे. तिनें आवाज कमी होत नाहीं, हें सांगितलें पाहिजे; पण आवाज ऐकत बसण्यास मनाला जी फट लागते, ती ती फारशी ठेवीत नाहीं.

पाठांतर मात्र साधलें नाहीं. व्हर्जिलचीं गोपगीतें त्यानें वीस वेळां पाठ केलीं असतील, आणि पुढें त्यांतलें एक अक्षर आठवेना. बागेंत काम करतांना हातांत सदैव पुस्तक असे. तें झाडाखालीं किंवा कुंपणावर ठेवून तो विसरून जाई, आणि पंधरवड्यानें सांपडे तेव्हां तें कुजलेलें किंवा मुंग्यांनीं व गोगलगाईंनीं खाल्लेलें असे. मेलेला माणूस म्हणून स्वतःकडे पाहूं लागलों तेव्हांच आपण जगूं लागलों, अशा अर्थाचें तो येथें लिहितो. त्या आजारानें देहाऐवजीं आपले मनोविकार तेवढे मारले व आत्म्याचें कल्याण केलें, असेंही म्हणतो. हें दुसरें विधान आम्ही जसेंच्या तसें घेण्यास तयार नाहीं. मनोविकार किती मेले होते हें पुढें लवकरच दिसून येतें.

तत्पूर्वीं भीतीचा एक निराळाच झटका आला. पोर्ट-रॉयलच्या पंथांतील कडक धर्मग्रंथ वाचून त्यास नरकाची धास्ती बसली. एके दिवशीं तो फिरतां फिरतां झाडांच्या खोडांवर दगड मारीत होता. त्यानें मनाशीं पण लावला: समोरच्या झाडास दगड लागला तर मोक्ष, चुकला तर नरक. हात थरथरत होता, छाती धडधडत होती. दगड झाडाच्या बरोबर मध्यावर बसला. तो म्हणतो, यांत अवघड असें कांहींच नव्हतें, कारण झाड मुद्दामच खूप जाड व अगदीं जवळचें निवडलें होतें! परीक्षेस निघालेला आमचा विद्यार्थी वाटेंतील मोटारींचे आंकडे सम आहेत कीं विषम, हें पाहत जातो, त्याला हा पण परका वाटणार नाहीं.

इतकें झालें तरी अभ्यासानें त्याचें भलेंच केलें होतें. तें बिघडविलें तेंही अभ्यासानेंच. वाचनांत थोडें शरीरशास्त्र आलें, आणि तो अवयवांची रचना शिकूं लागला. इतक्या असंख्य नाजूक भागांचें हें यंत्र बिघडल्यावांचून चालतें तरी कसें, असें त्यास वाटूं लागलें. दिवसांतून वीस वेळां आतां कांहींतरी तुटणार अशी तो वाट पाहूं लागला. ज्या रोगाचें वर्णन वाचावें तो रोग आपल्यास आहे असा निश्चय होई. आधीं आपण आजारी नसतों तर या घातक विद्येनें आजारी पडलों असतों, असें त्यानेंच लिहून ठेवलें आहे. आणि या सर्व रोगांवर ताण करणारा एक रोग त्यास याच वेळीं जडला, तो म्हणजे बरें होण्याचा ध्यास. आपल्या हृदयांत गांठ आहे, असें त्यानें पुस्तकांवरून ठरविलें. माँपेल्येच्या फीझ नामक वैद्यानें तसल्या गांठीचा एक रोगी बरा केल्याचें त्याच्या कानीं आलें होतें. वैद्यकाच्या अध्यापनासाठीं माँपेल्येची ख्याति तेराव्या शतकापासूनची. १७३७ च्या शरदृतूंत रूसो तिकडे निघाला.

वाटेंत मादाम द लार्नाज नांवाच्या एका प्रौढ व चतुर स्त्रीशीं त्याची गांठ पडली. आपण इंग्रज असून आपलें नांव डडिंग, अशी बतावणी त्यानें केली होती. इंग्रजीचें अक्षरही येत नव्हतें, तेव्हां कोणी इंग्रज भेटेल कीं काय, या धाकानें कान टवकारून त्यास प्रवास करावा लागला. त्या स्त्रीच्या सहवासाचे ते थोडे दिवस. त्या दिवसांत ताप, वात, हृदयांतील गांठ, सर्व कांहीं नाहींसें झालें, असें तो मोकळेपणानें सांगतो. मेलेल्या मनोविकारांची ही कथा.

या ठिकाणीं चिकित्सक वाचक विचारील कीं, आवाज तीस वर्षांत एक मिनिटही थांबला नाहीं हें खरें, कीं या प्रवासांत सारीं दुखणीं पळालीं हें खरें? आम्हांस दोन्ही खरीं वाटतात. आवाज चालू असणें ही एक गोष्ट, आणि तो ऐकत बसणें ही दुसरी. रूसोस सहवासांत दुसरी गोष्ट करण्यास सवड नव्हती.

माँपेल्येस पोंचतांच सारीं दुखणीं परतलीं. तेथें तो एका आयरिश डॉक्टराकडे भोजनास असे, व वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत जेवत असे. शवच्छेदनाचे वर्ग त्यानें सुरू केले आणि प्रेतांच्या दुर्गंधीमुळें सोडून दिले. डॉक्टरांनीं त्यास चोपचिनीचा काढा, औषधी पाणी आणि दह्यादुधाची निवळ पाजली. आपला रोग यांस मुळींच समजलेला नाहीं, म्हणून हे आपणांस रोगच नाहीं असें समजतात, आपल्यास कल्पनेचा रोगी ठरवितात, हें त्यास लवकरच कळून आलें. हें वाक्य वाचलें तेव्हां आम्हांस आमच्या त्या डॉक्टरांची व त्यांच्या दिव्याची आठवण झाली. दिसत नाहीं तें नाहीं, असा निवाडा करणारे लोक सर्व काळीं असतात. आणि गंमत अशी कीं, हृदयांतील गांठीपुरतें त्या डॉक्टरांचें खरेंच होतें. रूसो पुढें चाळीस वर्षें जगला. कानांपुरतें मात्र त्यांचें चुकलें.

त्यानंतर या विषयांत ज्ञानाची भर कशी पडली हें थोडक्यांत सांगूं. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचा वैद्य इतार, ज्याचें नांव आव्हेराँच्या रानांत सांपडलेल्या मुलास शिकविण्याच्या प्रयत्नामुळें प्रसिद्ध आहे, त्यानें १८२१ सालीं कर्णरोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. बहुतेक वेळां हा आवाज घालवितां येत नाहीं, हें त्यानें स्पष्ट कबूल केलें, आणि आवाजावर आवाज घालण्याचा उपाय सुचविला. ज्याच्या कानांत वारा घोंघावतो त्यानें निजण्याच्या खोलींत भडकलेली शेगडी ठेवावी. ज्याच्या कानांत शीळ वाजते त्यानें ओलीं लाकडें जाळावीं. आणि ज्यास घंटा ऐकूं येतात त्यानें तांब्याच्या पात्रांत थेंब थेंब पाणी पडूं द्यावें. आज लोक उशाशीं यंत्र ठेवून पावसाचा आवाज लावतात, त्याचें मूळ येथें आहे. रूसो ज्या घरीं राहत होता तेथें बागेखालून ओढा वाहत असे. परंतु त्याचा त्यास झोंपेसाठीं उपयोग झाल्याचें त्यानें कोठें लिहिलेलें नाहीं.

१९५३ सालीं अमेरिकेंत हेलर व बर्गमन या दोघांनीं एक साधा प्रयोग केला. ऐकण्यांत कसलाही दोष नसलेल्या ऐंशी माणसांस त्यांनीं एकेक करून अगदीं नीरव खोलींत कांहीं मिनिटें बसविलें व काय ऐकूं येतें तें विचारलें. शेंकडा चौऱ्याण्णव जणांनीं कांहीं ना कांहीं आवाज ऐकूं आल्याचें सांगितलें. म्हणजे आमची बाळपणची समजूत अगदींच वेडगळ नव्हती! अंतःकर्णांत सुमारें पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. वयामुळें, मोठ्या आवाजामुळें किंवा दुसऱ्या कारणानें त्यांतील कांहीं निकामी झाल्या म्हणजे मेंदूकडे येणारा संदेश क्षीण होतो; आणि केंद्र नीट लागत नसलें म्हणजे आपण रेडिओचा आवाज वाढवितों व खरखरच मोठी होते, तसें मेंदूचें होतें, असें आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. १९९० सालीं यास्त्रेबॉफ यानें यापुढचें एक पाऊल टाकलें. आवाज उत्पन्न होणें व त्याचा त्रास होणें, यांच्या वाटा मेंदूंत वेगळ्या आहेत. मेंदूनें त्या आवाजास एकदां संकट म्हणून नोंदलें कीं तो त्याच्यावर पहारा ठेवतो, नोंदलें नाहीं तर भिंतीवरील घड्याळाच्या टिकटिकीप्रमाणें तो मागें पडतो, असें त्यानें प्रतिपादिलें. आमच्या खोलीवरील त्या रात्रीचा उलगडा आम्हांस येथें झाला. आवाज तोच होता. फक्त त्याचें नांव त्या रात्रीं बदललें.

२०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणनेप्रमाणें जगांतील प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें चौदांस, म्हणजे ७४ कोटींहून अधिक लोकांस, हा अनुभव आलेला आहे. तीव्र त्रास होणारे शेंकडा दोन. आवाज मुळापासून घालविणारें खात्रीचें औषध अद्यापि नाहीं. भय कमी करणारे मानसोपचार आहेत, ऐकूं कमी येत असल्यास श्रवणयंत्रें आहेत, व दोहोंचा उपयोग होतो. एक गोष्ट मात्र येथें आवर्जून सांगावयास हवी. रूसोचा चौथा आवाज, नाडीबरोबर पडणारा ठोका, हा आजचे डॉक्टर बाकीच्यांहून वेगळा काढतात, कारण त्यामागें कधीं कधीं रक्तवाहिन्यांचा दोष असतो व तो तपासून घ्यावा लागतो. एकाच कानांत येणारा आवाजही तसाच. असल्या विद्यार्थ्यानें रूसोचें आत्मचरित्र वाचण्यापूर्वीं कानाच्या डॉक्टरांकडे जावें.

रूसोस स्वतःस काय झालें होतें याचें निदान करण्याचा मोह अनेक वैद्यांनीं आवरलेला नाहीं. आम्ही त्यांत पडत नाहीं. त्याच्या वृत्तान्तांतून जें घेण्यासारखें आहे तें निदानावर अवलंबून नाहीं. माँपेल्येहून परत आल्यावर मादाम द वारेन्सच्या घरीं आपली जागा दुसऱ्या एका तरुणानें घेतलेली त्यास आढळली. तें दुःख कानांतील आवाजाहून मोठें होतें. ले शार्मेत येथें तो पुष्कळसा एकटाच राहूं लागला, आणि खरा अभ्यास त्या एकान्तांत झाला. १७४२ सालीं तो पॅरिसला गेला तो अंकांनीं स्वर लिहिण्याची एक नवी पद्धति बरोबर घेऊन. ती त्यानें तेथील विज्ञान-अकादमीपुढें वाचली. १७५२ सालीं त्यानें रचलेलें ‘गांवचा ज्योतिषी’ हें संगीत नाटक फाँतेनब्लो येथें राजासमोर झालें. संगीताचा कोश त्यानें लिहिला, आणि वर्षानुवर्षें स्वरलिपीच्या नकला करून पोट भरलें. कानांत शीळ चालू असणाऱ्या माणसानें पोटासाठीं नेमका कानाचाच धंदा निवडावा, यांत आम्हांस शौर्य दिसत नाहीं. त्यास संगीत आवडत होतें, एवढेंच दिसतें.

त्या पहिल्या उन्हाळ्यांतील एक हकीकत राहिली. रूसोस ज्योतिषाचा नाद लागला होता. त्यानें आकाशाचा एक नकाशा विकत घेतला, तो चौकटीवर ताणला, आणि रात्रीं आकाश निरभ्र असलें म्हणजे बागेंत चार खुंट रोंवून त्यांवर ती चौकट पालथी ठेवी. खालून उजेड पडावा व वाऱ्यानें विझूं नये म्हणून मेणबत्ती एका बादलींत ठेवलेली असे. मग दुर्बिणींतून एकदां आकाशाकडे व एकदां नकाशाकडे पाहत तो तारे ओळखी. एके रात्रीं कांहीं शेतकरी त्या वाटेनें उशीरा घरीं चालले होते. त्यांनीं पाहिलें, तों अंगांत बाईची आंखूड रुईदार बंडी, डोक्यावर रात्रीची टोपी व तिच्यावर आणखी एक रुंद टोपी घातलेला कोणी माणूस, दिसत नसलेल्या दिव्याच्या उजेडांत, चित्रविचित्र आकृत्यांवर कधीं वांकतो आहे, कधीं वर पाहतो आहे. हा चेटक्याच, यांत त्यांस शंका उरली नाहीं. दुसऱ्या दिवशीं गांवांत बोभाटा झाला. दोन जेझुइट धर्मगुरूंनीं, प्रकार काय आहे हें ठाऊक नसतांही, शेतकऱ्यांची कशीबशी समजूत घातली.

ही हकीकत सांगतांना, त्या मध्यरात्रींच्या बागेंत आपल्या कानांत काय वाजत होतें, याविषयीं रूसोनें एक शब्दही लिहिलेला नाहीं. त्यानें एवढेंच लिहिलें आहे कीं, पुन्हां कोणी भिऊं नये म्हणून त्या दिवसापासून तारे दिव्यावांचून पहावयाचे, आणि नकाशा घरांत येऊन पहावयाचा, असें त्यानें ठरविलें.